फिट्टंफाट झाली की काय उरतं?

उंबरठा

गेल्या महिन्यात एका मित्राने मला घड्याळ दिलं. वाढदिवस नाही, निमित्त नाही. "तुला शोभेल असं वाटलं," एवढंच म्हणाला आणि विषय बदलला. घड्याळ भारी आहे, माझ्या ऐपतीच्या जरा वरचंच. घरी आलो आणि आनंद व्हायच्या आधी डोक्यात आलं, आता याला काय द्यायचं? मग आलं, कधी द्यायचं? मग, केवढ्याचं? मित्राने प्रेमाने दिलेली वस्तू मी खतावणीत मांडतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

त्या अपराधी मनाने वाचायला बसलो आणि मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञापाशी येऊन थांबलो. हा समाजशास्त्राच्या आद्य पंडितांपैकी एक असलेल्या एमिल दुर्खाइमचा भाचा. स्वतः कुठल्या बेटावर जाऊन राहिला नाही, पण जे राहून आले त्यांचं लिखाण त्याने पिंजून काढलं होतं. १९२५ साली भेटवस्तूंवरचा त्याचा दीर्घ निबंध आला. प्रश्न साधा आहे. भेट स्वखुशीची म्हणतात, मग ती परत करायची सक्ती का वाटते? त्याच्या मते दूरदूरच्या समाजांत तीच तीन बंधनं दिसतात: द्यायला हवं, दिलेलं घ्यायला हवं, घेतलेल्याची परतफेड व्हायला हवी. नाकारणं म्हणजे जवळपास भांडण उकरून काढणं. मला मधलं बंधन सगळ्यात पटलं. "नको" म्हणायची माझी काय टाप होती?

मॉसच्या निबंधात मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की जागोजागी भेटतो. जन्माने क्राकोचा पोलिश, कागदोपत्री ऑस्ट्रियाचा प्रजाजन. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता, म्हणजे शत्रूचा माणूस. तरी त्याला न्यू गिनीकडे काम करू दिलं, आणि १९१५ ते १९१८ मध्ये दोन खेपा करून तो जवळपास दोन वर्षं त्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला.

तिथे त्याने 'कुला' पाहिला. बेटांचं मोठं कडं आहे. त्यावरून लाल शिंपल्यांच्या लांब माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची दंडकडी उलट दिशेने. (घड्याळ काही पाठ सोडत नाही.) माळ मिळाली की आज ना उद्या तिच्या तोडीचं कडं द्यायचं. कायमचं कोणीच काही ठेवून घेत नाही. एवढ्यासाठी उलांडीच्या होड्यांतून लोक उघड्या समुद्रावर जीव धोक्यात घालतात, आणि बरीचशी कडी तर दंडात जाणारही नाहीत इतकी लहान असतात! पण नावाजलेल्या कड्याला स्वतःचं नाव असतं, ते कोणाकोणाच्या हातून आलं याचा इतिहास असतो. मालिनोव्स्कीला ते पाहून एडिंबरोच्या किल्ल्यात पाहिलेलं राजघराण्याचं जडजवाहीर आठवलं. उपयोग काही नाही, पण गोष्ट मोठी.

तर जाणकारांना प्रश्न. निखळ भेट, जिच्या मागे काही लोंबत नाही अशी, कुठल्या तरी समाजात असते का? की देणारा आणि घेणारा दोघंही नाटकच करत असतात?

रिकामटेकडा

मला कोणी घड्याळ देणार असेल तर मी तिन्ही बंधनं पाळायला तयार आहे. तिसरं हप्त्याने.

चौकोनी

एवढा काथ्याकूट कशाला? परत द्यायचंच असेल तर ती उधारी. वर "प्रेमाने दिलं" अशी चिठ्ठी डकवली की उधारीची भेट होत नाही. आदिम समाजात पैसा नव्हता म्हणून शंख फिरवायचे. आधी वस्तूला वस्तू, मग पैसा, मग बँक. कुला ही त्या बाजाराची कच्ची आवृत्ती, इतकंच.

शाईचा डाग

चौकोनी, तुमचा प्रतिसाद वाचून त्रोब्रियांडचे लोक हसले असते. त्यांच्याकडे घासाघीस करून वस्तू बदलायची पद्धत वेगळी होतीच. तिला ते 'गिम्वाली' म्हणत. कुलाच्या सफरीवर होडीतून साधा मालही जायचा आणि त्याचा सौदा पलीकडे पोचल्यावर खुशाल व्हायचा, फक्त आपल्या कुलाच्या जोडीदाराशी नाही. एखाद्याने कुलामध्ये घाई केली, किंवा मिळालेलं कडं तोडीचं आहे का यावर कटकट केली, तर लोक म्हणत की हा कुला गिम्वालीसारखा करतो. ही नालस्ती होती. म्हणजे तुम्ही जो फरक नाहीच म्हणताय तो त्यांना इतका ठसठशीत दिसत होता की त्याची शिवी तयार झाली होती.

दुसरं, "आधी वस्तूला वस्तू, मग पैसा" ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फार लाडकी आहे, पण असा निव्वळ अदलाबदलीवर चालणारा समाज कोणी पाहिलेला नाही. मानवशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ च्या लेखात हे स्वच्छ सांगितलं. अदलाबदल होते, पण बहुतेकदा अनोळखी लोकांत, किंवा ज्यांच्याशी उद्या भांडण होऊ शकतं त्यांच्यात. रोज तोंड बघायचं असतं त्यांच्यात असते ती लक्षात ठेवलेली उधारी.

आणि 'आदिम' शब्द गाळूया का? कुला आजच्या पापुआ न्यू गिनीतही चालतो. तिथली माणसं तुमच्या-माझ्याच काळात जगताहेत.

चौकोनी

'आदिम' मागे घेतो. पण "लक्षात ठेवलेली उधारी" म्हणालात ना? मीही उधारीच म्हणत होतो.

पायवाट

मी मानवशास्त्राची विद्यार्थिनी. प्रबंधासाठी चौदा महिने एका वस्तीत राहिले. कुठे ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना मी शब्द दिलाय. चौकोनींच्या उधारीवरून माझा एक गाढवपणा आठवला.

पहिल्याच आठवड्यात थंडी वाढली. शेजारच्या म्हातारीने न मागता मला जाड घोंगडं आणून दिलं. मला वाटलं, गरीब बाई, हिच्यावर भार नको. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन तिच्या हातात पैसे ठेवले. तिने घेतले. बोलली काहीच नाही. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. मी वहीत लिहिलं, 'स्वभावाने अबोल.' (ती वही अजून आहे. ते पान उघडलं की कान तापतात.)

मग एकदा मलाच ताप आला आणि हीच बाई दोन रात्री उशाशी बसली. बरी झाल्यावर मी पुन्हा पाकिटाकडे हात नेला. तेव्हा मात्र ती चिडली. "तुला माझ्यापासून सुटायची एवढी घाई का?" असं काहीसं म्हणाली. मला तिची भाषा तोवर अर्धीमुर्धीच येत होती, त्यामुळे त्या क्रियापदाचा अर्थ मी नंतर दोघातिघांना विचारला. कर्ज फेडण्यासाठी तेच क्रियापद, दावं सोडण्यासाठीही तेच. पैसे देऊन मी दावं सोडलं होतं. आम्ही पुन्हा एकमेकींना अनोळखी झालो होतो.

पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने उत्तर अल्जीरियातल्या कबाइल लोकांबद्दल लिहिताना नेमकं हेच बोट ठेवलंय. भेटीत वस्तू किती मोलाची याइतकाच मधला वेळ महत्त्वाचा. घेतली त्याच क्षणी परतफेड केली तर ती भेट नाकारल्यासारखीच. फार उशीर केला तर उर्मटपणा. मधल्या काळात दोघंही जणू हिशेब नाहीच असं वागतात. उंबरठा याला नाटक म्हणतील, पण दोघांना ठाऊक असलेल्या आणि दोघांनी मिळून सांभाळलेल्या गोष्टीला मला नाटक म्हणवत नाही.

म्हणून चौकोनी, उधारी शब्द चालेल. फरक एवढाच की बँकेला तुमची उधारी एक दिवस संपावी असं वाटतं. त्या म्हातारीला ती संपायला नको होती.

रिकामटेकडा

बँकेला संपावी असं वाटतं? कुठली बँक ही? पत्ता द्या.

नवी विटी

भाबडा प्रश्न. मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणं ना? हे घोंगडं आणि कडी त्यात कुठून आली?

पायवाट

नवी विटी, प्रश्न अगदी रास्त आहे. हाडं, उत्क्रांती, शरीर हे जैविक मानवशास्त्र. आम्ही सांस्कृतिकवाले. काही ठिकाणी पुरातत्त्व आणि भाषाही याच छत्राखाली मोजतात. आणि कवट्या मोजण्याचा जो बदनाम इतिहास आहे त्याला सुरुंग लावणाऱ्यांत फ्रान्झ बोआस मोठा. मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस, डॉक्टरेट पाण्याच्या रंगावर! १८८३ मध्ये बॅफिन बेटावर इन्युइट लोकांमध्ये गेला आणि पुढे त्याची वाटच बदलली. नंतर अमेरिकेत त्याने स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून दाखवलं की ज्याला लोक वंशाचं पक्कं लक्षण समजत होते तो डोक्याचा आकारही नव्या देशात वाढलेल्या मुलांत बदलतो. मोजपट्टी तीच, निष्कर्ष उलटा.

तिसरी घंटा

या धाग्यावर मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली आणि त्याचा बैल यायलाच हवा. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठावा.

ली १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात जुहोआन्सी लोकांबरोबर राहत होता. शिकार आणि कंदमुळांवर ते कसे जगतात हे त्याला पाहायचं होतं. आपला शिधा वाटला तर अभ्यासच बिघडेल म्हणून तो वर्षभर हात आखडून राहिला आणि कंजूष म्हणून नावारूपाला आला. जाण्याआधी भरपाई करावी म्हणून त्याने नाताळासाठी एक भलामोठा, धष्टपुष्ट बैल विकत घेतला. आता लोक खूश होतील म्हणून वाट बघतोय, तर जो तो येऊन सांगतो, "हा? ही हाडांची मोळी घेतलीस? यात काय वाटणार? मारामाऱ्या होतील." एक नाही, दहा जण. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. बैल कापला तर आत चरबीचा जाड थर. आणि सगळे पोट धरून हसताहेत.

मग त्याने एकेकाला गाठून विचारलं. उत्तराचा आशय असा: आमच्यातला तरणा शिकारी मोठी शिकार करून आला तरी आम्ही तिला नावंच ठेवतो. कारण खूप मांस आणणारा स्वतःला मुखिया समजू लागतो, बाकीच्यांना नोकर. त्याची मिजास एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल. म्हणून आधीच त्याचं काळीज थंड करायचं.

उंबरठा, मॉसच्या तीन बंधनांत हे कुठे बसवाल? इथे लोक भेट घेतात, खातात, आणि देणाऱ्याला मोठेपणा तेवढा देत नाहीत. देण्यात सत्ता असते हे त्यांनी आपल्यापेक्षा बरं ओळखलंय.

अवांतर: पॉली वीस्नर यांनी १९७० च्या दशकात याच लोकांची 'ह्झारो' पद्धत अभ्यासली. मण्यांचे दागिने, बाण, कपडे अशा वस्तू लांबलांबच्या जोडीदारांत फिरत राहतात, परतफेड महिन्यांनी, वर्षांनी. इकडे पाऊस रुसला की तिकडच्या जोडीदाराच्या मुलखात जाऊन राहायचा हक्क त्यातून मिळतो. चौकोनींसाठी सोपं करून, तो विमा आहे. हप्ता मण्यांचा.

चौकोनी

विमा! आता बोललात माझ्या भाषेत.

पण एक शंका खरोखरची आहे, चिमटा नाही. हे सगळं आपल्याला एकेका परक्या पाहुण्याने सांगितलेलं. रिचर्ड लीला लोकांनी बनवलं, ते त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. जे बनले आणि ज्यांना कधी कळलंच नाही त्यांचं काय? पायवाट यांनी वहीत 'अबोल' लिहिलं होतंच की. ताप आला नसता तर तेच प्रबंधात छापून आलं असतं.

पायवाट

आलं असतं. नाकारत नाही.

शाईचा डाग

चौकोनी, या शंकेवर मानवशास्त्राने स्वतःच ढीगभर लिहिलंय, आणि मला तो सगळ्यात रोचक भाग वाटतो. मालिनोव्स्कीचंच घ्या. परक्यांच्या डोळ्यांनी त्यांचं जग पाहा हा त्याचा गाजलेला आग्रह. १९४२ मध्ये तो गेला. १९६७ मध्ये त्याच्या पत्नीने त्याची बेटांवरची खासगी रोजनिशी छापली आणि एकच गहजब झाला. प्रकृतीच्या कुरबुरी, कादंबऱ्यांत तोंड खुपसून बसणं, आणि ज्या लोकांबद्दल इतक्या बारकाईने लिहिलं त्यांच्यावरच वंशद्वेषी शब्दांत आगपाखड. काहींनी म्हटलं, बुरखा फाटला. मला उलट वाटतं. त्याचं निरीक्षण त्याच्या सहृदयतेवर उभं नव्हतं हे बरंच झालं, नाहीतर आज कुलाही खोटा ठरवावा लागला असता. (या मतावर मला शिव्या बसल्या आहेत.)

पण त्याची खरी चूक रोजनिशीत सापडत नाही. ती सापडली मानवशास्त्रज्ञ ॲनेट वाइनरला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती त्याच बेटांपैकी किरिविनावर गेली. तिथे तिने पाहिलं की मृत्यूनंतरच्या वाटपात बायका वाळलेल्या केळीच्या पानांच्या जुड्या आणि पानांचेच घागरे ढिगांनी वाटताहेत. एकेका जुडीवर तासन्‌तास राबतात. मेलेल्याशी ज्यांचं ज्यांचं नातं होतं त्यांचं देणं या वाटपातून भागवलं जातं, आणि समाज मातृवंशीय, म्हणजे कूळ आईकडून धरणारा असल्याने कुळाची पत यातच दिसते. नवऱ्याने जुड्या जमवायला मदत केली नाही तर त्याची नाचक्की. मालिनोव्स्कीने हे विधी पाहिले होते. पण पुरुष होड्या घेऊन समुद्रावर जाताहेत आणि बायका वाळलेली पानं मोजताहेत, यात 'संपत्ती' कुठली ते त्याच्या मनाने आधीच ठरवलेलं होतं. वाइनरचं पुस्तक १९७६ मध्ये आलं. म्हणजे दुरुस्तीला अर्धं शतक लागलं. बेटं तीच, फक्त बघणारे डोळे बदलले.

ओ निगेटिव्ह

वाचनमात्र होतो, रक्ताचा उल्लेख कोणीच करेना म्हणून आलो. नावावरून कळलं असेलच. मी वर्षातून दोनतीनदा रक्त देतो. कोणाला जातं माहीत नाही, त्यालाही मी माहीत नाही. परतफेड नाही, जोडीदार नाही, कडं नाही, माळ नाही. ही निखळ भेट झाली की नाही?

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये यावरच पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये रक्त स्वेच्छेने दिलं जायचं, अमेरिकेत बऱ्याच प्रमाणात पैसे देऊन घेतलं जायचं. विकत घेतलेल्या रक्तातून काविळीचा धोका जास्त, हा त्याचा एक मुद्दा, कारण पैशांची निकड असलेला माणूस आपला आजार लपवतो. दुसरा मुद्दा असा की देण्याला भाव लावला की निव्वळ द्यायची इच्छाच मरते. या दुसऱ्यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडताहेत.

चौकोनी

भांडताहेत, आणि मी त्यात आहे. पण पहिला मुद्दा मान्य. विकणाऱ्याला माल लपवायचं कारण असतं, देणाऱ्याला नसतं. हे माझ्याच गोटातलं तर्कशास्त्र आहे, त्यामुळे हरल्यासारखं वाटत नाही.

तिसरी घंटा

ओ निगेटिव्ह, निखळ आहे, पण किंमत मोजून. त्यातून नातं तयार होत नाही. घोंगडं देणारी म्हातारी ओळखीची होती म्हणूनच पायवाटवर चिडू शकली. तुमच्यावर कोण चिडणार?

ओ निगेटिव्ह

परिचारिका. शीर सापडत नाही म्हणून.

शाईचा डाग

देण्यावर नुसतं चिडणंच नाही, कायद्याने बंदीही आलेली आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व या मूळनिवासी समाजात आणि शेजारच्या समाजांत 'पॉटलॅच' होतो. नाव धारण करणं, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी यजमान जमलेल्यांना वस्तू वाटतो, आणि त्या घेणारे साक्षीदार ठरतात की हे नाव, हा मान याचा. लिहून ठेवायच्या ऐवजी वाटून ठेवायचं. जितकं देशील तितका मोठा. साठवणाऱ्याला तिथे मान नाही.

सरकारला आणि मिशनऱ्यांना ही उधळपट्टी वाटली, शिवाय हे चालू आहे तोवर माणसं 'सुधारणार' नाहीत अशी खात्री. १८८५ पासून पॉटलॅच गुन्हा ठरला. लोक लपूनछपून करत राहिले. १९२१ च्या डिसेंबरमध्ये व्हिलेज आयलंडवरच्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर धरपकड झाली. मुखवटे आणि तांब्याचे मानाचे पत्रे हवाली केले तर शिक्षा स्थगित, नाहीतर तुरुंग, असा सौदा समोर ठेवला गेला. ते सामान संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत गेलं. १९५१ मध्ये कायद्यातलं ते कलम गळलं. सामान परत मिळवायला आणखी कित्येक वर्षं झगडावं लागलं, आणि १९८० मध्ये अलर्ट बे इथे त्यासाठी 'उमिस्ता' नावाचं केंद्र उभं राहिलं. पूर्वी शत्रूने पकडून नेलेली माणसं घरी परतली की त्याला उमिस्ता म्हणत.

चौकोनी, साधी उधारी असती तर तिला सरकार एवढं घाबरलं असतं का?

चौकोनी

सरकार मी न भरलेल्या एका पावतीलाही घाबरतं. पण मुद्दा पोचला. मुखवटे ओलीस ठेवून शिक्षा माफ करणं म्हणजे तुमची ती गिम्वाली झाली, आणि तीही वाईट प्रतीची.

नवी विटी

मूळ घड्याळाचं काय झालं पण? धागा कालाहारी फिरून कॅनडाला पोचला आणि उंबरठा गायब.

उंबरठा

आहे, वाचतोय. पायवाट यांची म्हातारी वाचल्यावर पाकीट बंद केलं. खरं तर तेवढ्याच किमतीचं एक पेन पाहून ठेवलं होतं. मागवलं असतं तर आठवड्याच्या आत हातात पडलं असतं, आणि मी मित्राला जवळपास सांगितलंच असतं की बाबा रे, सुटलो.

गेल्या शनिवारी त्याचा फोन आला, घर बदलतोय, सामान हलवायला ये. गेलो. दिवसभर खोकी उचलली, पाठीचे बारा वाजले. घड्याळ हातातच होतं, त्यावर एक चरा पडला. त्याने पाहिलं, मी पाहिलं, कोणी बोललं नाही.

रिकामटेकडा

म्हणजे फिट्टंफाट. धागा बंद करा.

उंबरठा

कसली फिट्टंफाट? माझी शिडी त्याच्याकडेच राहिलीय.

पायवाट

आणायची घाई करू नका.